शेजारी शब्द, सोयरे शब्द

इंग्रजी शब्दकोशात सी, ए, एन या तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचे पान काढा. कॅनॉल, कॅनरी, कॅन्सल, कॅन्सर, कॅन्डिड, कॅन्डिडेट, कॅन्डल, कॅन्डी, केन, केनाइन, कॅनिस्टर, कॅना, कॅनबिस, कॅनिबल, कॅनन, कॅनू, पुन्हा एकदा कॅनन (या खेपेस मधला एन एकच), कॅनपी, कॅन्टर, कॅनव्हास, कॅन्यन. अर्थ लिहून काढले तर यादी अशी होते : कालवा, एक पिवळा पक्षी, रद्द करणे, कर्करोग, निष्कपट, उमेदवार, मेणबत्ती, खडीसाखर, ऊस, कुत्र्यासंबंधी, डबा, कर्दळ, गांजा, नरभक्षक, तोफ, होडी, नियम, छत, घोड्याची एक चाल, जाडेभरडे कापड, खोल घळई.

मुले अशी यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. विसरतात यात नवल नाही, कारण या शब्दांना एकत्र बांधणारा दोरा यादीत दिसत नाही. पहिली तीन अक्षरे सारखी एवढेच त्यांचे नाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हापासून अशा याद्या लहान वर्गांपर्यंत पोचल्या.

या एकाच पानाचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत, आणि तोही बीड जिल्ह्यात उभे राहून. बीडच का? कारण या पानावरचे निम्मे शब्द तेथे रोजच्या बोलण्यातले आहेत. माजलगावचा कॅनॉल, कारखान्याचा केन, कापसाची कॅन्डी, निवडणुकीचा कॅन्डिडेट आणि दवाखान्यातला कॅन्सर. शब्द इंग्रजी असले तरी त्यांच्याशी पडणारी गाठ इंग्रजीच्या तासापुरती नसते.

क्रम कोणी लावला?

शब्द वर्णक्रमाने लावावेत ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिचाही शोध कधीतरी लागला असेल हे ध्यानात येत नाही. आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध संस्कृत कोश म्हणजे अमरकोश. त्यात शब्द वर्णक्रमाने नाहीत. स्वर्ग, भूमी, वनस्पती, प्राणी, मनुष्य अशा विषयांच्या वर्गांत ते बसवलेले आहेत. पाण्याची नावे एके ठिकाणी, झाडांची एके ठिकाणी. कोश पाठ करायचा होता, शोधायचा नव्हता. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून तयार झालेल्या राजव्यवहारकोशातही फारसी शब्दांचे संस्कृत पर्याय विषयवार वर्गांतच दिले आहेत. अर्थाचे सोयरे एकत्र राहावेत हीच त्यामागची दृष्टी.

इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश १६०४ साली निघाला. रॉबर्ट कॉड्री या माजी शाळामास्तराने तो केला. शब्द जेमतेम अडीच हजार, तेही फक्त अवघड. पण कोश कसा पाहावा हे त्याला प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले! आधी अक्षरांचा क्रम न चुकता पाठ करा. शब्द ए ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या आरंभी पाहा. सी-ए ने सुरू होत असेल तर सी च्या विभागाच्या आरंभी आणि सी-यू ने असेल तर शेवटाकडे, असे त्याने उदाहरण देऊन लिहिले. आपले पान सी-ए चेच आहे, हा योगायोग.

मराठीत वर्णक्रमाचे मोठे कोश एकोणिसाव्या शतकात आले. शास्त्रीमंडळींनी मुंबईत केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ सालचा. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि टॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली छापला गेला. हे दोघेही फौजेतले अधिकारी होते आणि दोघांनाही शास्त्री-पंडितांच्या मदतीवाचून हे काम जमले नसते. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि हे कोश इंग्रजी मुलखात तयार झाले, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवली पाहिजे.

एक फरक मुलांना अवश्य दाखवावा. आपल्या वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानावरून लागलेला आहे : कंठातून निघणारे क, ख, ग, घ एकत्र, ओठांचे प, फ, ब, भ एकत्र. त्यामुळे मराठी कोशात निदान आवाजाचे शेजारी जवळ येतात. इंग्रजीचा क्रम फिनिशियन लिपीकडून ग्रीक आणि लॅटिनमार्गे आला. त्यात पहिले अक्षर अलेफ, म्हणजे बैल, आणि दुसरे बेथ, म्हणजे घर. उच्चाराच्या शास्त्राशी त्या क्रमाला कर्तव्य नाही. तेव्हा इंग्रजी कोशातला शेजार हा एस.टी.च्या बाकावरचा शेजार आहे. शेजारी बसलेला परका असू शकतो, आणि सख्खा भाऊ चार बाके मागे असू शकतो.

एका पोकळ गवताचे कुटुंब

या पानावरचे सर्वांत मोठे कुटुंब एका गवताचे आहे. प्राचीन मेसोपोटेमियात नदीकाठी उगवणाऱ्या पोकळ बोरूला अक्कडी भाषेत ‘कनू’ म्हणत. हिब्रूत तो ‘काने’, ग्रीकमध्ये ‘कान्ना’, लॅटिनमध्ये ‘कान्ना’च. पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘केन’ झाला. वेत, बांबू, ऊस अशी पेरे असलेली सगळी खोडे त्यात आली.

बोरू पोकळ असतो. म्हणून लॅटिनमध्ये ‘कान्ना’पासून ‘कानालिस’, म्हणजे नळी किंवा पन्हळ, हा शब्द झाला आणि त्यातून कॅनॉल. फ्रेंचच्या वेगळ्या वळणाने आलेला चॅनल हा त्याचाच भाऊ. इटालियन लोकांनी ‘मोठी नळी’ म्हणून तोफेला ‘कान्नोने’ म्हटले. ती दोन एनची कॅनन. स्पॅनिश लोकांनी उंच कड्यांमधून गेलेल्या नळीसारख्या घळईला ‘कान्योन’ म्हटले, ती कॅन्यन. बोरूच्या कामट्या विणून केलेली टोपली ग्रीकमध्ये ‘कानास्त्रोन’, तिचा पुढे झाला कॅनिस्टर, म्हणजे डबा. बोरू सरळही असतो, म्हणून मोजपट्टीसाठी ग्रीकमध्ये ‘कानोन’ शब्द आला, असे बहुतेक कोशकार मानतात. मोजपट्टीवरून नियम आणि नियमावरून धर्मशास्त्र. तो एका एनचा कॅनन. आणि अंगणातली कर्दळ तर सरळ कॅना हेच नाव घेऊन बसली आहे.

गवतापासून तोफेपर्यंतचा हा प्रवास ऐकून मुलांना गंमत वाटेल. कदाचित शंकाही येईल. अशा वेळी त्यांना मराठीकडे वळवावे. संस्कृतमध्ये ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे बोरूच. त्यावरून आपला नळ, नळी, नळकांडे. बंदुकीलाही आपण नळीच म्हणतो. म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी पोकळ गवताकडे पाहून जे केले, तेच आपल्या पूर्वजांनी स्वतंत्रपणे केले. ‘कान्ना’ आणि ‘नळ’ हे शब्द सोयरे नाहीत, पण दोन्हींमागचा विचार एकच आहे. पाणी वाहून नेणारी पहिली नळी निसर्गानेच माणसाच्या हाती दिली होती.

बीड शहराजवळची खजाना बावडी पाहिली म्हणजे हा विचार किती पुढे गेला ते दिसते. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. विहिरीत भूमिगत मार्गांनी पाणी येते आणि दुसऱ्या भूमिगत मार्गाने ते शेतीकडे जाते. मोट नाही, रहाट नाही; जमिनीचा उतार नेमका ओळखून पाणी आपल्या वजनाने वाहते ठेवले आहे. या रचनेला तेव्हा कोणी कॅनॉल म्हटले नसेल. आज जायकवाडीचा उजवा कालवा पैठणहून माजलगावच्या धरणात पाणी आणतो, त्याला मात्र शेतकरी सर्रास कॅनॉल म्हणतात. पुस्तकातला ‘कालवा’ कन्नडमधल्या ‘कालुवे’चा जवळचा, शेतातला ‘पाट’ आणि ‘चारी’ घरचे. एका पाण्याला इतकी नावे असणे हा गोंधळ नव्हे. त्या त्या काळी पाणी कोणी आणले याची ती नोंद आहे.

केनचा आणखी एक अर्थ शिक्षकांना सांगायला नको. वेताची छडी तीच केन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा बंद झाली, कोशातला अर्थ मात्र राहिला आहे.

आपल्याकडून गेलेला शब्द

केनच्या अगदी अलीकडे कॅन्डी बसली आहे. अर्थाच्या दृष्टीने हा शेजार किती जवळचा : उसाशेजारी खडीसाखर! पण उत्पत्तीने दोघे परके. कॅन्डी हा शब्द आपल्याकडून गेला. संस्कृत ‘खंड’ म्हणजे तुकडा, आणि साखरेचा खडाही. त्याचे फारसीत ‘कंद’, अरबीत ‘कंदी’, फ्रेंचमध्ये ‘कांदी’ आणि इंग्रजीत कॅन्डी. ‘शर्करा’ही याच वाटेने गेली आणि अरबी ‘सुक्कर’ होऊन शेवटी शुगर झाली.

शब्दाच्या मागे वस्तू होती आणि वस्तूच्या मागे विद्या. ऊस मूळचा न्यू गिनी बेटावरचा. पण त्याचा रस आटवून टिकाऊ दाणेदार साखर करण्याची विद्या प्रथम भारतात वाढली. अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस याने हिंदुस्थानात मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू आहेत असे सांगितल्याची नोंद स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकाराने ठेवली आहे. पाहा, त्यालाही उसात बोरूच दिसला. इ.स. ६४७ मध्ये चीनच्या ताइत्सुंग बादशहाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती.

कोशात कॅन्डीची दुसरी नोंदही सापडते : एक वजन. ही तर आपली खंडी. वीस मणांची खंडी कंपनीच्या व्यापाऱ्यांनी उचलली, आणि १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात तिला जागा मिळाली. कापसाच्या बाजारात रुईचा भाव अजूनही खंडीवर सांगतात. ती खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोग्रॅमची. गेवराई-माजलगावकडच्या कापूस उत्पादकाला वर्तमानपत्रातली ‘कॅन्डी’ ही आपलीच खंडी आहे हे कळले, तर भाव वाचताना त्याची गफलत होणार नाही.

चंद्र आणि उमेदवार

कॅन्डिड, कॅन्डिडेट, कॅन्डल हे मात्र शेजारीही आहेत आणि सख्खेही. लॅटिनमध्ये ‘कांदेरे’ म्हणजे चकाकणे, पांढरेशुभ्र दिसणे. मेणबत्ती चकाकते, म्हणून कॅन्डल. मन स्वच्छ म्हणून कॅन्डिड. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडू चोळून पांढरा केलेला झगा घालून लोकांपुढे जाई, म्हणून तो ‘कांदिदातुस’. आपल्या उमेदवाराच्या नावात फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा, आहे. पण कडक इस्त्रीचे पांढरे कपडे मात्र रोमपासून परळीपर्यंत सारखेच! भौतिकशास्त्रातले प्रकाशतीव्रतेचे एकक कॅन्डेला हेही याच घरातले.

या घराचा एक नातलग आपल्या आकाशात आहे, तो म्हणजे चंद्र. ‘चंद्र’ याचा मूळ अर्थ चकाकणारा. भाषाशास्त्रज्ञ ‘कांदेरे’ आणि ‘चंद्र’ यांचे मूळ एकच मानतात. हे केवळ आवाज जुळतो म्हणून नव्हे. वेदांत या शब्दाचे ‘श्चंद्र’ असे जुने रूप आढळते. ‘हरिश्चंद्र’ या नावातला श् हा त्याचाच अवशेष. हरि आणि चंद्र यांच्यामध्ये हा श् कोठून आला, याची दखल पाणिनीलाही वेगळे सूत्र करून घ्यावी लागली. जीवाश्मावरून जुना प्राणी ओळखावा, तसा हा एक वर्ण जुन्या रूपाची साक्ष देतो.

केनाइनचेही तसेच. लॅटिन ‘कानिस’ आणि संस्कृत ‘श्वन्’, दोन्ही म्हणजे कुत्रा. लॅटिन ‘केन्तुम्’ म्हणजे शतम्, ‘देकेम्’ म्हणजे दश. जेथे लॅटिनमध्ये क तेथे संस्कृतमध्ये श, असे एकदा नव्हे तर अनेकदा आढळते, तेव्हा तो योगायोग उरत नाही. सुळ्याला इंग्रजीत कुत्र्याचा दात म्हणतात तो हाच केनाइन. कॅनरी पक्षीही कुत्र्याच्या नावाचाच : ज्या बेटांवरून तो आला त्या बेटांना रोमन लोक ‘कुत्र्यांची बेटे’ म्हणत.

शब्दांची नाती ठरवण्याची रीत विज्ञानाचीच आहे. नुसते साम्य पुरेसे नाही. साम्यात नियम सापडला पाहिजे, लिहिलेला पुरावा मिळाला पाहिजे आणि शब्द कोणत्या वाटेने आला ते दाखवता आले पाहिजे. कॅनबिस आणि केन सारखे दिसतात, पण गांजाचे ग्रीक नाव ‘कान्नाबिस’ वेगळ्याच लोकांकडून आले. त्याच झाडाच्या धाग्यांचे कापड म्हणजे कॅनव्हास, हे नाते मात्र खरे. कॅनिबल आणि कॅनू हे दोन्ही शब्द कोलंबसानंतर कॅरिबियन बेटांच्या भाषांतून स्पॅनिशमार्गे युरोपात आले. कॅनपीच्या मुळाशी ग्रीक डास आहे, म्हणजे ती मूळची मच्छरदाणी. आणि कॅन्टर ही कँटरबरीच्या यात्रेकरूंच्या घोड्यांची चाल.

खेकड्याचा प्रवास

आता या पानावरचा सर्वांत भीतीदायक शब्द. कॅन्सल आणि कॅन्सर अगदी लागून आहेत, पण कॅन्सलमध्ये जाळी आहे. मजकुरावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी मारून तो खोडायचा, म्हणून कॅन्सल. कॅन्सरमध्ये खेकडा आहे.

हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी काही गाठींना ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा, हे नाव दिले. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे गेलनने त्याचे कारण सांगितले आहे. केल्सस या रोमन लेखकाने त्याचे लॅटिन केले ‘कांकेर’, तोच आपला कॅन्सर. अरबी वैद्यांनी खेकड्याचा आपला शब्द वापरला, ‘सरतान’. आणि मराठीत झाला कर्करोग. संस्कृत ‘कर्क’ किंवा ‘कर्कट’ हा शब्द ग्रीक-लॅटिन शब्दांचा मुळातला नातलग. म्हणजे कर्करोग हा शब्द इंग्रजीचे भाषांतर असला, तरी त्यात वापरलेले नाणे आपल्याच घरातले होते.

बीड जिल्ह्यात या खेकड्याची तिन्ही नावे नांदून गेली आहेत. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रीय परिभाषा उर्दूत घडवणारे भाषांतर खातेच हैदराबादेत होते. त्या शिक्षणात कर्कवृत्ताला ‘खत्ते-सरतान’ म्हणत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुढच्या पिढीने भूगोलात ‘कर्कवृत्त’ वाचले आणि दवाखान्यात ‘कॅन्सर’ ऐकला. नकाशावरची रेघ आणि शरीरातला रोग यांच्यात एकच खेकडा आहे, हे तीन भाषांत वाटले गेल्यामुळे फारसे कोणाला दिसले नाही. कर्कवृत्ताचे नाव पडले तेव्हा जूनच्या अयनदिनी सूर्य कर्क राशीच्या ताऱ्यांत असे. पृथ्वीच्या परांचनगतीमुळे आता तो तेथे नसतो. नाव तेवढे राहिले.

पण शब्दाचा अर्थ न कळण्याची किंमत परीक्षेतल्या अर्ध्या गुणाहून फार मोठी असू शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे गर्भाशय मोठ्या प्रमाणावर काढले जात असल्याचे २०१९ साली उघडकीला आले. राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तारुण्यातल्या स्त्रियाही होत्या. मोळ्या वाहायचे काम, पाळीच्या दिवसांत सुटी घेतली की पडणारा खाडा, फडावर पाण्याची आणि शौचालयाची वानवा, ही कारणे होतीच. पण अनेक बायकांनी सांगितले, की अंगावरून पांढरे जाते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे त्यांना सांगण्यात आले.

तिने तो शब्द ऐकला. त्याचा अर्थ तिला एवढाच ठाऊक होता : मरण. कॅन्सर म्हणजे पेशींची बेलगाम वाढ. ती आहे की नाही हे तपासता येते. अंगावरून पांढरे जाण्याचे कारण बहुतेक वेळा साधा, औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असते. हे सांगणारे कोणी तिच्याजवळ नव्हते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याच्या वयातले बदल अकाली येतात आणि हाडे ठिसूळ होतात, हेही तिला कोणी सांगितले नाही.

याच परिसराने जगाला या रोगाबद्दल एक मोठा धडा दिला आहे, म्हणून ही गोष्ट अधिक बोचते. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी या रोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत सुमारे निम्म्याने कमी होतात, हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. गावात हिंडून तपासणी होऊ शकते, हे खेड्यातल्या बायकांनीच सिद्ध करून दिले होते. ज्ञान शेजारच्या जिल्ह्यात होते. फडावर पोचली ती फक्त भीती.

कोशात नसलेली नोंद

शेवटी एका मराठी शब्दाकडे येऊ. ‘कोयता’ हे आपल्या कोशांत एक हत्यार आहे. बीड जिल्ह्यात तो आणखी काही आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम ‘वीस कोयते आणले’ म्हणतो तेव्हा त्याने चाळीस माणसे आणलेली असतात. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. कारखाने वाढले, मजुरीचा हिशेब जोडीवर ठरू लागला आणि हत्याराचे नाव माणसांना लागले. बोरूचे नाव तोफेला लागले, तसेच हे झाले. फरक एवढाच, की या शब्दाच्या पोटात दोन माणसे आहेत आणि उचल बहुतेक वेळा एकाच्याच हातात पडते. शब्दाने हिशेब सोपा केला आणि त्या सोपेपणात बाई दिसेनाशी झाली.

असे शब्द फडावर ढिगाने आहेत : उचल, टोळी, मोळी, वाढे, खाडा, कोपी, गाडीसेंटर, डोकीसेंटर, पट्टा पडणे. मुकादम हाही मूळचा अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे असलेला. दिवाळीच्या आगेमागे पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या भागांतली कुटुंबे निघतात आणि पट्टा पडल्यावर परततात. जी मुले त्यांच्याबरोबर जातात त्यांचा इंग्रजीचा तास बुडतो हे आपण हजेरीपटावर लिहितो. ती काय शिकून येतात ते मात्र कोठेच लिहिले जात नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. परतलेल्या मुलांकडून वर्गाने अशा शब्दांचा कोश करून घ्यावा. प्रत्येक शब्दासाठी एक चिठ्ठी : शब्द, तो कोणी आणि कोठे वापरला, वापरलेले एक वाक्य, अर्थ. मोठमोठे कोश अशा चिठ्ठ्यांवरच उभे राहिले आहेत. मग वर्गाने दोन क्रम लावून पाहावेत, एकदा वर्णक्रमाने कॉड्रीसारखे आणि एकदा विषयवार अमरकोशासारखे. पहिल्या क्रमात शब्द पटकन सापडेल. दुसऱ्या क्रमात आणखी काही सापडेल : खाडा, उचल, अर्धा कोयता हे शब्द एकाच वर्गात येऊन बसतील आणि मजुरीची सारी रचना त्या एका कागदावर दिसेल.

त्याच वहीत एक पान कॅन्सरला द्यावे. शब्द कोठून आला, त्यात खेकडा कसा आला, रोग नेमका काय, तो आहे की नाही हे कसे कळते आणि जिल्ह्यात तपासणी कोठे होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारून आणावे. वही घरी नेऊन आईला वाचून दाखवायला सांगावे. पुढच्या हंगामात कोणी तो शब्द उच्चारून तिला घाबरवू लागले, तर ‘आधी तपासणी करा’ एवढे वाक्य तिच्याजवळ असेल.